पलीकडच्या खांबावरचा नट

दादा आणि मी लोखंडी छपरांचे सांगाडे बसवायचो. एका टोकाच्या खांबावर तो, दुसऱ्यावर मी. आपल्या बाजूचे नट पक्के झाले की लोखंडावर पान्याने दोनदा ठोकायचं, ही आमची रीत. ओरडून घसा कशाला कोरडा करायचा, असं तो म्हणायचा.

दादाला जाऊन वर्ष झालं. त्याच्या अर्धवट राहिलेल्या घराचा सांगाडा आज भरदुपारी मी एकटाच खांबांना जोडत होतो. खाली वहिनी शिडी धरून उभ्या होत्या.

पलीकडचे नट आवळून मी अलीकडे आलो. शेवटचा आवळला आणि सवयीने दोनदा ठोकलं.

पलीकडून दोन ठोके आले. तिथे कोणीच नव्हतं.

वहिनींनी खांबाला कान लावला. "भावजी, तो सैल करून परत आवळा ना."

मी आवळला, ठोकलं. उत्तर आलं. असं पाच वेळा झालं.

"वहिनी, आता बास. आटे झिजले तर पहिल्याच वाऱ्यात छप्पर जाईल."

"बरं," त्या म्हणाल्या, पण कान काढला नाही.

मी उतरायला वळलो. पलीकडच्या खांबावरचा, मीच आवळलेला नट सावकाश उलटा फिरत होता.