हाताला लागणारं पाणी

सोनं-चांदी आटवायच्या गलाईच्या दुकानासाठी वडूजचा जयराज कोचीला निघाला, तेव्हा आईनं त्याला एकच गोष्ट बजावली. "घर कसलंबी बघ, पर पाण्याची वणवण नसंल असं बघ. माझा निम्मा जलम टँकरमागं पळण्यात गेला."

म्हणून चढावरची दोन घरं जयराजनं बघताक्षणी नापास केली. तिथं नळ दिवसाआड यायचा. खालच्या अंगाच्या कॉलनीत मात्र ऐन मे महिन्यात अंगणातली विहीर तुडुंब होती. तळमजला रिकामा, आजूबाजूचेही सगळे तळमजले रिकामेच. मालक निवृत्त मास्तर, ते वरच्या मजल्यावर राहायचे. आपलं नशीबच उघडलं, असं जयराजला वाटलं.

महिनाअखेरीला त्यानं आईला, चंद्राबाईला, आणलं. चंद्राबाईनं दोर न लावता, नुसतं वाकून विहिरीतून तांब्या भरला आणि तिचे डोळे पाणावले. "लय झ्याक घर घावलं रं," म्हणत ती पावसाआधी कुरडया वाळवायला गच्चीवर गेली आणि पाटी तशीच भरलेली घेऊन खाली आली.

"जयराज, समुद्र हितनं लांब हाय म्हनालास. मालक बी मास्तर. मग त्यांनी गच्चीवर होडी कशाला बांधून ठेवलीया?"

"असंल म्हाताऱ्याची हौस," जयराज हसला.



"एकाची हौस न्हवं रं बाबा. वळीनं समद्याच घरांच्या गच्चीवर होड्या हायत."