मानाची खुर्ची

दुपारी बारा वाजता जिल्हा कचेरीचे साहेब नारीन शहराजवळच्या डोंगराळ खेड्यात आनारकुल आजींसाठी कमोडची खुर्ची घेऊन आले. महिन्यापूर्वी अंगणाच्या टोकाच्या संडासाकडे जाताना आजी बर्फावर घसरल्या होत्या आणि कंबर धरून बसल्या होत्या.

खुर्ची पलंगाला खेटून ठेवली. पलंग दारासमोरच्या मानाच्या जागी होता आणि पाहुण्यालाही तिथेच बसवायचं असतं. साहेब झाकण लावून खुर्चीवरच बसले. "बघा, जराही डगमगत नाही!"

त्यांच्यापुढे पाहुण्याच्या मानाचं उकडलेलं मेंढीचं डोकं आलं, चहा आला, पुन्हा चहा आला. आजींनी सुनेला जवळ ओढलं.

"नुरझात, उठव गं त्यांना. आता मला दम निघत नाही."

"आई, पाहुण्याला मानाच्या जागेवरून उठवू? गाव तोंडात शेण घालेल."

"आणि मी इथेच केलं तर काय घालेल?"

सून चहा ओतायला गेली.

सव्वादोनला साहेब त्याच खुर्चीवरून सांगत होते, "आजींना आता बर्फात पाऊल टाकायची गरज नाही."

 

तेव्हा आजी काठी टेकत अर्ध्या अंगणापर्यंत पोचल्या होत्या.