चार वाजता थांबणारे हात

मुलांनो, अशी कल्पना करा की माणूस निवृत्त होतो, पण त्याचे हात कामावरच राहतात.

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्यात दोन यांत्रिक हात अख्खे काजू आणि तुकडे वेगळे करत. ते काम त्यांना रेवतीकाकींच्या हातांनी शिकवलं होतं, म्हणून त्याचा पगार काकींना घरबसल्या मिळे. पण चार वाजले की ते हात पंधरा मिनिटं थांबत. कामावर असताना काकी त्या वेळी चहा प्यायच्या. ती सवयही या हातांनी उचलली होती. हात थांबले की पट्टा थांबे आणि पट्ट्यावरच्या बारा बायकांनाही टेकून चहा प्यायला मिळे.

एके दिवशी व्यवस्थापक सामंतांनी काकींना कारखान्यात, पट्ट्यापाशी बोलावलं. काकींसोबत त्यांची पुतणी तन्वी आली.

“काकी, यंत्राला कसला चहा? हात तुमचे, म्हणून ही सवय पुसायला तुमची सही हवी. पगार सव्वापट होईल.”

“आणि या बायकांचा चहा?”

“पट्टा चालू असताना त्यांना कसं उठू देणार?”

“मग सही नाही,” काकी शांतपणे म्हणाल्या. “तीस वर्षं मी चहा पिऊनच काजू निवडले. माझे हात हवेत, तर त्यांच्याबरोबर हा चहाही आला.”

“पण ते पितात कुठे?” सामंत हसले.

इतक्यात चार वाजले. पट्टा थांबला, बायका टेकल्या. तन्वीने कोपऱ्यातली किटली उचलून सगळ्यांना चहा दिला, एक कप यांत्रिक ओंजळीत ठेवला आणि शेवटचा सामंतांपुढे धरला.