आप्पांच्या खोलीची भिंत

मागच्या खोलीची भिंत वीतभर आत आली होती. आप्पांचे प्राण गेले त्या जागी, जमिनीवर ठेवलेला दिवा तिच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर उरला होता. त्यांचा मुलगा परदेशातून दहाव्याला पोचेपर्यंत तो तेवायलाच हवा होता.

“आई, सुतकात त्या खोलीत कोणी वावरत नाही, हे या घराला कोण सांगणार?” सून केतकी कुजबुजली. “त्याला ती रिकामीच दिसते.”

“मी सांगते,” कुमुदिनीबाई कारखानीस म्हणाल्या. रिकामी जागा गरजू शेजाऱ्याला मिळावी, म्हणून त्यांच्याच गृहसंशोधन संस्थेने लढून सरकत्या भिंतींचा कायदा करवून घेतला होता. त्यांनी भिंतीला बजावले, “थांब! तुझे नियम मी लिहिले आहेत.”

“म्हणूनच ते पाळतो, बाई,” घर नम्रपणे म्हणाले. “जिथे श्वास नाही, तिथे वास्तव्य नाही. तुमच्याकडे एक माणूस कमी झाला. एका माणसाची जागा द्यावी लागेल.”

पलीकडून शेजारीण हर्षाने ओरडली, “अहो, बघा, पाळण्यापुरती जागा झाली!”

कुमुदिनीबाईंनी पदर खोचला आणि रूढी मोडून दिव्याशेजारी ताठ बसल्या. भिंत थांबली.

“पाहिलंस? यालाही वडीलधाऱ्यांचा धाक लागतो.”

तेवढ्यात बैठकीची भिंत सरकू लागली. केतकी तिकडे धावली, तशी ती भिंतही थांबली.

मग स्वयंपाकघरातून मांडणीवरची भांडी कोसळल्याचा आवाज आला, आणि दोघींपैकी कोणालाही जागचे हलता येईना.