थोरलीचा खोकला

बोटीवरच्या पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलाशी बसल्या बसल्या धाकटीने कानामागचं इलॅस्टिक सोडवलं, मास्कची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली.

सूप ढवळणाऱ्या थोरल्या जावेचा हात थांबला.

"काकू!" पुतणी जवळजवळ ओरडलीच. "तुला हनुवटी आहे हे मी विसरलेच होते!"

सगळे हसले. धाकटीही हसली. थोरल्या दिराने टाळ्या वाजवल्या, तशा पलीकडच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांनीही काही न कळता वाजवल्या. थोरलीचे डोळे मात्र भरून आले होते.

"ताई, रडताय काय?" धाकटी म्हणाली. "सरका जरा. तुमच्याशेजारी बसते."

नवरा गेल्यापासून धाकटीच्या तोंडावरचा मास्क हटला नव्हता. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवताना तिचा स्वतःचाच चष्मा वाफेने धूसर व्हायचा. मालक कुरकुरायचा, शेजारीपाजारी हसायचे. तिने कुणाला दाद दिली नाही. घरच्या कार्याला ती यायची, पण थोरलीपासून लांब बसायची आणि पानं मांडायच्या आत निघून जायची.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मागे अशाच एका बोटीवर दोघं भाऊ बायकांना घेऊन सहलीला गेले होते. थोरली पहिल्या दिवसापासून खोकत होती. धाकटीने मास्क पुढे केला, तर तिने तो हाताने बाजूला सारला.

"अगं, दम्याचा खोकला माझा. आपल्या माणसांत कसला मास्क?"

दोन दिवसांत धाकटीच्या नवऱ्याला ताप भरला. कोविड निघाला. थोरलीलाही निघाला, पण ती निभावली. तो बोटीवरून उतरला तो स्ट्रेचरवर, आणि घरी आलाच नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकासमोर थोरली हात जोडायची. "मीच आणला हो आजार. माझ्यामुळे गेले ते."

स्वतःच्या तोंडाने कबूल केलं म्हणून लोकांनी तिला माफ केलं. धाकटीने केलं नाही.

दीर निवृत्त झाले आणि पुन्हा बोटीची टूम निघाली. धाकटी दोनदा नाही म्हणाली. शेवटी पुतणीने तिकीटच काढून टाकलं, तेव्हा नाइलाजाने तिने बॅग भरली. आपली खोली, आपला मास्क, आपण. कसेबसे दिवस काढायचे, एवढंच ठरवलं होतं.

निघायच्या दिवशी सकाळी घशात टोचल्यासारखं झालं. तिने घरातल्या कोविडच्या किटवर तपासून पाहिलं. दोन रेघा आल्या.

न्हाणीघरात ती बराच वेळ तशीच उभी होती. दीर धडधाकट. पुतणी तरणीताठी. दम्याची काय ती एकटी थोरली.

किट तिने कचऱ्यात खोल दाबलं, हात धुतले आणि बॅग उचलली.

त्या रात्रीच्या जेवणापासून ती थोरलीला चिकटून राहिली. डेकवर हातात हात घालून फिरली. कानाशी तोंड नेऊन लोकांच्या टोप्यांवर, पोटांवर शेरे मारले; थोरली हसून हसून बेजार झाली. गालाला गाल लावून फोटो काढले. आइस्क्रीमचा चमचा चाटून तोच पुढे केला. "चाखून तरी बघा, ताई."

थोरलीने चाखलं. रात्री लेकीला म्हणाली, "बोलली गं बाई एकदाची माझ्याशी. आता मरायला मोकळी झाले."

पुतणीने हे धाकटीला कौतुकाने सांगितलं. धाकटी म्हणाली, "काहीतरीच तुझ्या आईचं." आपल्या खोलीत गेल्यावर तिला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला ताप आला. दुपारपर्यंत धाप लागली. बोटीवरच्या डॉक्टरने सगळ्यांना तपासलं. दोघी जावा पॉझिटिव्ह, बाकीचे नाहीत. धाकटीला नुसती सर्दी होती. दोघींना दवाखान्याशेजारच्या एका लहानशा खोलीत हलवलं. दीर दाराबाहेर घुटमळत राहिले. पुढच्या बंदरावर रुग्णवाहिका बोलावली आहे, तोवर ऑक्सिजन चालू ठेवू, असं सांगून डॉक्टर गेला.

दार लागलं. धाकटी खुर्ची ओढून पलंगाशी बसली.

थोरलीने नाकावरची नळी सारखी केली. "परत माझ्यामुळेच झालं का गं?" तिने विचारलं. "तुलाही दिला मी?"

याच क्षणासाठी धाकटी थांबली होती.

"नाही, ताई. या वेळी मी आणला. निघायच्या सकाळीच कळलं होतं मला. तरी आले. मास्क काढला तो तुमच्यासाठीच काढला. तुम्ही माझा माणूस नेलात, त्याचं उट्टं काढलं."

ती वाट पाहू लागली. थोरली किंचाळेल, घंटी वाजवेल, निदान शिव्या तरी घालेल. थोरलीने चाचपडत धाकटीचा हात धरला आणि दाराकडे एकदा नजर टाकून आवाज खाली आणला.

"हे बाहेर बोलू नकोस कुणाला. यांना नको, पोरीला तर मुळीच नको. मीच आणला म्हणून सांगेन मी." तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला. "मागच्या वेळी भाऊजींसाठी सांगितलं होतं ना, तसंच. त्यांनाही बोटीवर चढायच्या आधीच कळलं होतं गं. म्हणाले, वहिनी, तिला कळू देऊ नका. किती वर्षं वाट बघितलीय तिनं या सहलीची."