भिंतीवरची कार्डं

बायजाबाईच्या मांडीवरचा नातू रडून रडून दमला होता. त्याचे दोन्ही हात मनगटापुढे सुजलेले. तिनं पदर सारून ते डॉक्टरांपुढे धरले, पण डॉक्टर खानझोडे तिच्या तोंडाकडेच बघत होते.

"अहो, तुम्ही उमरेडकडच्या ना? विहारात बसून आम्ही सगळ्यांचं रक्त घेतलं होतं!"

"हो जी. माहा मोठा पोरगा सुखदेव गेला, त्या सालची गोष्ट. रक्त देल्लं तं केळं भेटलं होतं."

त्यानंतर डॉक्टर गावात पुन्हा फिरकले नव्हते. रक्त चांगलं निघालं असेल, नाहीतर आले असते, असं सगळे धरून चालले होते.

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. मागची भिंत पोस्टकार्डांनी भरली होती. जपान, अमेरिका, ब्राझील. तिकिटाची बाजू दिसेल अशी टाचलेली.

"ही बघा. सगळे मोठमोठे डॉक्टर आहेत. तुमच्या घराण्याच्या रक्तावर मी लेख लिहिला, तो पाठवा म्हणतात. जगात रक्ताच्या या रोगावर कुणीही लिहिलं की खाली माझ्या लेखाचं नाव द्यावंच लागतं. एकेका कार्डाला त्याच दिवशी उत्तर टाकतो मी." मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पुढल्या महिन्यात प्रोफेसरच्या जागेची मुलाखत आहे. याच लेखाच्या जोरावर."

"आमचं नाव हाये का जी त्याच्यात?"

"छे! नाव देत नाहीत. तुमची अब्रू झाकलेली राहावी म्हणून."

त्यांनी कपाटातून लेख काढून टेबलावर पसरला. आत रेघांनी जोडलेले गोल आणि चौकोन होते. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष. पूर्ण काळा चौकोन या रोगानं गेलेल्या सुखदेवचा. ज्याच्या रक्तात दोष अर्धाच, त्याची खूण अर्धी काळी. त्याला स्वतःला काही होत नाही. बायजाबाईचा गोल अर्धा काळा होता.

तिनं सुखदेवच्या शेजारी बोट ठेवलं. "हा माहा धाकला, देवाजी?"

"हो. अर्धा."

"अन् हे नत्थूची जया?"

"तुमच्या भावाची मुलगी ना? तीही अर्धी. एकाच घराण्यात इतके! म्हणून तर नाव झालं लेखाचं."

बायजाबाईचं बोट दोन खुणांच्या मधल्या कोऱ्या जागेवर थांबलं.

"मंग या दोघाईचं लेकरू?"

"अहो, तसं लग्नच होता कामा नये. दोन अर्धे एकत्र आले तर पोराचा चौकोन पूर्ण काळा निघू शकतो. सुखदेवसारखा. लेखाच्या शेवटी मी तेच लिहिलंय, अशी लग्नं टाळा म्हणून. सगळ्यांनी तेच वाक्य उचललं."

"कोनाले लिहलं जी?"

 आत्ता कुठे डॉक्टरांची नजर तिच्या मांडीवर गेली. तिथून हलेना.

"आमच्यात मामाची पोरगी हक्काची रायते," बायजाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नत्थू म्हने, थांब वं बाई, घाई काहून करतं? मीच आयकलं नाही. सून करून आनली. तवा छापून आलं होतं का हे?"

"आलं होतं." मग डॉक्टर घाईनं म्हणाले, "बायजाबाई, तुमचा पत्ता माझ्याकडे..." रक्ताच्या प्रत्येक शिशीवर गावाचं नाव त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं.

"उमरेडले डाक येते जी. रोज येते."

दार लोटून शिपाई बाबाराव आत आला. हसतच त्यानं नवं कार्ड टेबलावर ठेवलं. "घ्या साहेब, आणखी एक! भिंत पुरत नाही आता." तिकिटावर निळं पाखरू होतं.

डॉक्टरांनी कार्ड उचललं नाही. पोरानं मात्र पाखरू बघून हात पुढे केला, आणि सुजलेली बोटं काही केल्या मिटेनात.