आतल्या खोलीतला हुंकार

संदर्भसूची दोघांनी मिळून तपासायची, अशी आमच्या नियतकालिकाच्या कचेरीची रीत होती. मी लेखकाचं नाव, वर्ष, पृष्ठं मोठ्याने वाचायचे आणि मूळ प्रत धरून बसलेला मुद्रितशोधक "हं" म्हणायचा. आम्ही त्याला घुम्याच म्हणायचो. हुंकार आला नाही, की नोंदीत चूक आहे असं समजायचं. घुम्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली.

काल दुपारी भाची तिचा लेख घेऊन आली. संदर्भ चुकले म्हणून तो दोनदा परत आला होता. आणखी एकदा आला असता, तर तिची नोकरी गेली असती.

"मावशी, तूच वाच गं. माझे डोळे गेलेत कामातून."

मी पहिली नोंद वाचली. आतल्या रिकाम्या खोलीतून "हं" आलं.

"शेजाऱ्यांनाही पाठ झाली वाटतं माझी सूची!" भाची म्हणाली.

मी दुसरी नोंद वाचली, तिलाही हुंकार आला. पुढे एका नोंदीला हुंकार आला नाही. पाहिलं, तर वर्ष चुकलेलं. खरं सांगते, मला भीतीपेक्षा बरंच वाटलं. जुन्या लयीत मी वाचत गेले.

शेवटची नोंद भाचीच्याच आधीच्या लेखाची होती. मी तिचं नाव वाचलं. आत शांतता.

"आता काय चुकलं? माझंच तर नाव आहे!"

वर्ष बरोबर होतं, पृष्ठंही बरोबर होती. मी तिचं नाव पुन्हा वाचलं.

या वेळी आतून "हं" आलं. पण तो आवाज घुम्याचा नव्हता, भाचीचा होता.

माझ्यासमोर जी बसली होती, ती ओठ मिटून माझ्याकडे बघत होती.